आत्याची जबानी

आत्या गेल्याची बातमी मला शाळेत कळली. मधल्या सुट्टीनंतरचा तास होता, मुले निबंध लिहीत होती, आणि वर्गाच्या दारात आमच्या केम गावचा तुकाराम येऊन उभा राहिला. तो आमची जमीन वाट्याने करतो. डोक्याचा पटका काढून त्याने हातात धरला होता, त्यावरूनच मला निम्मे समजले. व्हरांड्यात आल्यावर तो म्हणाला, "मास्तर, आत्याबाई गेल्या. सकाळी उठल्या, कणगी वाजवली, भाकरी थापाय बसल्या... आन् बसल्या त्या बसल्याच."

कणगी वाजवली, हे त्याने सांगितले ते बरे केले. रोज सकाळी ज्वारी काढण्याआधी आत्या काठीने कणगीवर तीन वेळा मारी, मग कान लावून थोडा वेळ तशीच उभी राही, आणि मगच झाकण काढी. सोलापुरात आमच्याकडे राहायला आली की आमच्या पत्र्याच्या कोठीलाही तेच. पत्र्याचा आवाज मोठा होई. शेजारच्या विणकरांच्या बायका तेलुगूत काहीतरी बोलून हसत. माझी पत्नी लग्न होऊन आली तेव्हा तिनेही एकदा विचारले होते, "आत्याबाई, ज्वारीला जागं करताय का?" आत्या म्हणाली, "व्हय. लई झोपती ती." आमच्या घरात ही एक नेहमीची गंमत होती. आज सहा आठवडे झाले. सकाळी जाग येते आणि आता केमलाही तो आवाज नसतो...

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. पंधराव्या वर्षी विधवा होऊन केमला परत आली. माझे वडील मी रांगत असताना गेले आणि आई मी पाच वर्षांचा असताना, त्यामुळे मला आठवते तेव्हापासून घरात ती आणि मी असे दोघेच. तिने शेत केले, मला गावच्या शाळेत घातले, मग सोलापूरच्या बोर्डिंगात ठेवले. तिला अक्षर येत नव्हते; पण मी सुट्टीत घरी वाचत बसलो की ती चुलीतला धूर माझ्याकडे जाऊ नये म्हणून दार लोटून घेई. बोलणे मात्र फार थोडे. माझ्या लहानपणाबद्दल तिने मला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या : आई तापाने गेली, आणि मला जांघेत मोठे गळू झाले होते, त्याचा वण राहिला आहे.

माझी स्वतःची म्हणावी अशी त्या काळातली एकच आठवण आहे. माझ्या पायाला वासराचे दावे बांधलेले आहे, समोर ऊन आहे, आणि मी रडतो आहे. ही आठवण मी गमतीने सांगत असे. शिक्षकांच्या खोलीत सांगितली, पत्नीला सांगितली, आत्यासमोरच कितीदा सांगितली, की हिने मला गुरासारखे दावणीला बांधले होते. ती तांदूळ निवडता निवडता मान वर न करता म्हणे, "लई वांड होतास." मला तेव्हा थोडा रागही असे, हे आज लिहिले पाहिजे. आईवेगळ्या पोराला कुणी बांधून घालते का, असे मनात येई.

थोरली मुलगी झाल्यावर मी आयुष्याचा विमा उतरवायचे ठरवले. आईबापांविना वाढलेल्या माणसाला ही काळजी जरा जास्तच असते. मला काही झाले तर पत्नी आणि मुलगी यांना केमच्या जमिनीच्या दोन पट्ट्यांखेरीज काही आधार नव्हता, आणि आत्याचेही वय होत आले होते. आमचे ड्रॉइंग मास्तर गोविंदराव विमा कंपनीची एजन्सी करीत. त्यांनी फॉर्म आणला, प्रश्न वाचले, मी उत्तरे दिली. आई कशाने वारली? तापाने. पूर्वी मोठे दुखणे? गळू. गोविंदराव म्हणाले, "मास्तर, तुमचा विमा म्हणजे सरळ रेघ आहे." मग त्यांनी मला कंपनीच्या डॉक्टरांकडे तपासणीला पाठवले.

डॉक्टर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, वृद्ध, कमी बोलणारे. त्यांनी छाती मोजली, नाडी पाहिली, आणि जांघेतला वण बोटाने चाचपून पाहिला. मग त्यांनी मला समोर बसवून सांगितले : आई तरुणपणी तापाने गेली, मुलाच्या अंगावर फुटलेल्या गाठीचा असा खोल वण. हे कागद कंपनीत गेले की तिथे एकच अर्थ काढतील, क्षय, आणि तुमचा अर्ज परत येईल. एकदा नाकारला की दुसरी कंपनीही घेणार नाही. मला स्वतःला हा क्षय वाटत नाही, पण हे गळू नव्हे एवढे नक्की. तुमचे दुखणे डोळ्यांनी पाहिलेले कुणी आहे का? मी म्हटले, आत्या आहे.

आत्याला केमहून बोलावून घेतले. दवाखान्यात ती खुर्चीवर बसायला तयार होईना. शेवटी टोकावर बसली. डॉक्टरांनी विचारले, ते गळू किती दिवसांत आले? "गळवाला काय दिस लागत्यात? आलं की." डॉक्टरांनी मग तिला शांतपणे समजावले. गाठ महिनोन् महिने वाढत आली असेल तर तो क्षय, आणि मग तुमच्या भाच्याला, या रामचंद्राला, विमा मिळणार नाही. दुसरे काही असेल तर ते फक्त तुम्हालाच माहीत आहे. आत्या माझ्याकडे बघत राहिली, मग तिने दाराकडे वळून बघितले, आणि हलक्या आवाजात म्हणाली,

"आता सांगितलं, तर त्याला कोन नेनार न्हाय न्हवं?"

"कुठे?" डॉक्टरांनी विचारले.

"दवाखान्याच्या गाडीत. पलेगाच्या."

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. मी बत्तीस वर्षांचा होतो, अंगात कोट होता, एका मुलीचा बाप होतो. "नाही, आत्याबाई," ते म्हणाले. "ती गाडी आता नाही."

मग ती बोलली. गावात उंदीर पडू लागले. आमच्या घरात पहिला उंदीर आईला ज्वारी काढताना सापडला तो कणगीमागे, आणि तिसऱ्या दिवशी माझी आई गेली. सगळे गाव बाहेर पडून माळावर झोपड्या घालून राहिले. तिथे एके दिवशी सकाळी माझे अंग तापले आणि दुपारपर्यंत जांघेत लिंबाएवढी गाठ आली. आदल्याच दिवशी शेजारच्या झोपडीतले पोर गाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात नेले होते. ते परत आले नाही. आत्याने लोकांना सांगितले की पोराला गळू झालंय, मोडनिंबच्या वैदूकडे नेते. मला कडेवर घेतले, पीठ, जवस आणि एक तपेली घेतली, आणि निघाली. मोडनिंबला ती गेलीच नाही. दोन कोसांवर एका पडीक रानात विहीर होती, तिच्याजवळ रिकामा गोठा होता, तिथे गेली.

"झोपडीत ऱ्हायले असते तर त्या लोकांच्या लेकरांना लागलं असतं," ती म्हणाली. "दवाखान्यात दिला असता तर ह्यो आला नसता. मग तिसरी जागा बगितली."

त्या वेळी ती सत्तावीस वर्षांची असेल. ती जवसाचे पोटीस बांधत राहिली. नवव्या दिवशी गाठ फुटली, ताप उतरला. डॉक्टर भराभर लिहून घेत होते. छापील प्रश्नांतला पुढचा प्रश्न त्यांनी सवयीनेच विचारला असावा : शुश्रूषा करणाऱ्यांपैकी आणखी कुणाला लागण झाली का?

"व्हय," आत्या म्हणाली. "मला."

तिने डाव्या बगलेकडे बोट केले. माझा ताप उतरला त्याच दिवशी तिला भरला. मी उठून हिंडू लागलो होतो आणि तिला मानही उचलवत नव्हती. विहिरीला कठडा नव्हता. गोठ्यात खुंटीला वासराचे दावे होते. त्याचे एक टोक तिने माझ्या पायाला बांधले आणि दुसरे स्वतःच्या मनगटाला.

"लई रडला ह्यो. पर दावं ताणलं की मला कळायचं... हाय म्हणून."

असे किती दिवस गेले ते तिला सांगता आले नाही. डॉक्टरांनी विचारले, पुढे तरी का सांगितले नाहीत? ती म्हणाली, आधी भ्या होतं. मग बोर्डिंगात घेतला, तितं कळलं तर काढतील वाटलं. "मग ह्यो दाव्याचं सांगून हसाय लागला. हसतोय तर हसू दे की."

डॉक्टरांनी सगळी जबानी तिला मराठीत वाचून दाखवली आणि दोन्ही प्रतींवर तिचा अंगठा घेतला. मग कंपाउंडरला न बोलावता त्यांनी स्वतःच्या रुमालाने तिच्या अंगठ्याची शाई पुसली, सावकाश, सगळी जाईपर्यंत. ती संकोचून हात मागे घेत होती. निघताना तिने एवढेच विचारले, "मग मिळंल का कागद त्याला?"

मिळाला. कंपनीने दोन पत्रे पाठवून आणखी काही विचारले आणि मग अर्ज मंजूर केला. त्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना गिरणीचा भोंगा झाला, रस्ता माणसांनी भरून गेला. आत्या म्हणाली, चल बिगीबिगी, सून जेवायची थांबली असंल. तोवर तिच्याबरोबर कुठे जायचे झाले की मी पुढे आणि ती मागे, अशी आमची रीत होती. त्या दिवशी मी मागून चाललो. तिची डावी बाजू जरा ताठ असे, हात पुरता वर जात नसे. इतक्या वर्षांत मी ते वयामुळे असेल म्हणून सोडून दिले होते.

घरी आल्यावर पत्नीला सगळे सांगितले. त्यानंतर दाव्याची गोष्ट मी कुणालाही गंमत म्हणून सांगितली नाही. आत्याने मात्र त्या दिवसाचा पुन्हा उल्लेख केला नाही. मी एकदोनदा विषय काढला तर म्हणाली, "लिवलंय न्हवं त्यांनी? मग झालं." डॉक्टरांनी मला त्या जबानीची एक नक्कल दिली आहे. माझ्या लहानपणाचा तेवढा एकच लेखी पुरावा माझ्याजवळ आहे, इंग्रजीत, खाली अंगठा.

दिवसकार्य झाल्यावर केमचे घर आवरून आलो. येताना तिची काठी घेऊन आलो आणि इथल्या कोठीला टेकवून ठेवली. परवा सकाळी मी वह्या तपासत होतो, तेव्हा स्वयंपाकघरातून पत्र्याचा आवाज आला. एक, दोन, तीन. मी उठून पाहिले. पत्नी हातात काठी घेऊन, कोठीला कान लावून उभी होती. मुलगी तिच्या पदराला धरून वर बघत होती. "आई, काय ऐकतेस?"

"थांब जरा," ती म्हणाली.

आणखी थोडा वेळ ती तशीच उभी राहिली. मग काठी जागच्या जागी ठेवली आणि झाकण काढले.