मामंजींनी नापास केलेली गाडी

मेंढरं इकल्यापासनं आमच्या मामंजींच्या पायाला थारा न्हवता. मामंजी म्हंजी माझं सासरं, बिरू आबा. कळंबच्या वस्तीवर सकाळी उठायचं, अंगणात येरझाऱ्या घालायच्या, आन् दारात येऊन इचारायचं, "सारजा, काय काम हाय का?" मी भाकऱ्या थापत असायची. उभा जन्म मेंढरांम्हागं कोकणापातूर चालत गेलेलं माणूस, त्याला काय लसूण सोलाय बशिवणार? "न्हाय मामंजी," म्हणायची, की परत येरझाऱ्या चालू.

त्यात पंच्याण्णव साली माझी थोरली योगिनी धाव्वी पास झाली. चांगली फस्क्लास! पोरीनं हट्ट धरला, बारामतीच्या कॉलेजात जायचं. तिचा बाप एकदम आडवा पडला. "रोज एवढं लांब येष्टीनं? पोरीची जात. कायबाय झालं तर कोण निस्तरणार?" मी तोंड उघडलं, तर "तुला काय कळतंय?" हे ठरलेलं. अस्सा राग आला! पर चुलीपाशी बसून चिडलं की भाकरी करपती, दुसरं काय व्हतंय?

पोरगी दोन दिस जेवली न्हाय. तवा मामंजी मालकांना म्हणलं, "रतन, भांडू नगंस. मी वाट बघून येतो."

आमच्यात मेंढरं हलवायच्या आधी म्होरक्या एकटा म्होरं जातो. पाणी कुठं, चारा कुठं, तळ कुठं टाकायचा, त्या गावची माणसं कशी, समदं डोळ्याखालनं घालून माघारी येतो. त्यो व्हय म्हणला तर मेंढरं हलत्यात. न्हाय म्हणला तर कुणी पाय उचलत न्हाय. मामंजी लय सालं म्होरक्या व्हतं, आन् त्यांचा शब्द कवा खोटा पडला न्हवता. मालक म्हणलं, "ठीक हाय. आबा जी गाडी पास करतील, तिनं पोरगी जाईल. न्हाय म्हणलं तर इषय संपला."

झालं! खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आन् म्हातारा निघाला येष्टीनं.

रोज दिस मावळायला परत यायचं, वट्ट्यावर बसायचं, पाणी प्यायचं आन् सांगायला लागायचं. पयला इंदापूर, तितं बी शिकायची सोय व्हती म्हणून. "स्टँड ऐसपैस हाय. पाणी ग्वाड. पर तितं टेकलं की लगीच झोप लागती. शिकायला जायाच्या गावात झोप येऊन भागतंय व्हय?" इंदापूर गेलं. मग जंक्शन, नावागत फाट्याचंच गाव. "तितं माणूस चुकत न्हाय. चुकला तरी दुसरी गाडी गावती." पिंपळीला लिंबाची सावली बघून तर एवढं खूश झालं, की उतरून तितंच भाकरी खाल्ली आन् गाडी गेली निघून. आन् बारामती? "तळ मोठा. गलका लय. पर चौकशीच्या खिडकीतला माणूस न चिडता सांगतोय. मी त्याला चारदा इचारलं, बघाय, चिडतोय का!"

शेजारची भागूबाई मला म्हणायची, "सारजे, तुझा सासरा काय येष्टीचा साह्यब झाला का गं?" मी हसायची. खरं सांगू, मला बरं वाटत व्हतं. मेंढरं गेल्यापासनं पयल्यांदा म्हातारा पोटभर जेवत व्हता.

शेवटाला एक दिस मालकांना, योगिनीला, मला, सगळ्यांना बसवून त्यांनी निकाल दिला. "सकाळची बारामती गाडी नापास. माणसावर माणूस. पाय ठेवाय जागा न्हाय. त्यो जळोचीचा कंडक्टर, बुद्धभूषण, लोकांना मेंढरागत हाकतोय. त्या गाडीत पोरीनं जायाचं न्हाय. त्याच्या मागनं एक गाडी हाय, गावागावात शिरती. ती पास! रिकामी, वारं झुळूझुळू, खिडकी पायजे ती घ्या. डायव्हर तर हात केला की कुठं बी थांबतोय."

योगिनीचं तोंड एवढंसं झालं. "आबा, ती गाडी बारामतीत जाईस्तवर कॉलेज सुटतंय."

मामंजी तिच्याकडं वळलं. "म्हंजी... पोचायला बी येळ असती व्हय?"

आता हसावं का रडावं! मेंढरं घेऊन निघालेला माणूस पोचल तवा पोचतो. त्याची वाट बघत कुणी घंटा वाजवत न्हाय. एवढ्या गाड्या हिंडलं, एवढं स्टँड पारखलं, पर घड्याळाचं त्यांच्या ध्यानातच आलं न्हवतं.

मालक उठलं. "मंग संपलं. येळंवर जाणारी गाडी आबांनी सोताच नापास केलीया." पोरगी घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. मामंजी मान खाली घालून बसलं. म्होरक्याचा शब्द, एकदा गेला की गेला. त्यो माघारी घ्यायचा म्हंजी आजवरचे समदे शब्द पातळ झाल्यागत.

माझ्या अंगात कुठनं बळ आलं कुणाला ठावं. मी पदर खोचून म्हणलं, "मामंजी, उद्या सकाळची गाडी परत बघू. मी बी येती."

सासऱ्याला असं सांगायची आमच्यात रीत न्हाय. त्यांनी वर बघितलं. म्हणलं, "चल."

फाट्यावर गाडी आली तीच गच्च भरून. मी पायरीवर पाय ठिवला, तवर आतनं कुणीतरी माझा हात धरून वढला. कुणी फुलाबाई, भाजी-माळव्याची पाटी घेऊन बाजाराला निघालेली. "म्होरं ये गं बाई! दारात नगं उभी ऱ्हाऊस." तिनं मला ढकललं, दुसरीनं वढलं, आन् मी मधोमध जाऊन पडली. बघती तर माझ्या चहूकडनं पोरी! दप्तरं छातीशी धरून, दोन वेण्या घालून, खिदळत उभ्या. त्यांच्या भवती पाट्यावाल्या बाया, आन् बायांच्या पल्याड बापय गडी. एक पोरगं उगाच म्होरं सरकाय लागलं, तर फुलाबाईनं कोपर असं मारलं की त्याचा चेहराच उतरला. वर बुद्धभूषण कंडक्टर वरडला, "ए, मागं! ही बाया-पोरींची जागा हाय!" म्हंजी त्यो हाकत व्हता ते याच्यासाठी.

मी मान वळवून मामंजींना हुडकलं. ते पार मागं दांडीला धरून उभं व्हतं. मी तितनंच वरडून म्हणलं, "मामंजी, लांडगं आल्यावर मेंढरं कशी उभी ऱ्हात्यात?"

"दाटून," ते म्हणलं. "कोकरं मधी घालून." आन् बोलता बोलता त्यांची नजर माझ्या भवतीच्या पोरींवर आली. मग बारामतीपातूर ते निस्तं बघत ऱ्हायलं.

उतरल्यावर स्टँडवर कडक च्या पाजला मला. म्हणलं, "रिकाम्या गाडीत पोरगी एकलीच बसली असती की गं. मी चारा बघितला, लांडगं बघितलंच न्हाय." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला कसंसंच झालं. एवढा मोठा माणूस!

सांजच्याला मालक रानातनं आलं. हातपाय धुतलं, वट्ट्यावर बसलं आन् मामंजींना म्हणलं, "काय आबा? मग काय ठरलं?"

मामंजींनी घोंगडं घडी करून बाजूला ठिवलं. "रतन, मी चुकलो व्हतो."

असं कवा ऐकलंच न्हवतं कुणी.

"आज वाट मी न्हाय बघितली," मामंजी म्हणलं. "सारजानं बघितली. काय इचारायचं ते तिला इचार."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. दाराआड योगिनीचा श्वास मला ऐकू येत व्हता. लग्नाला एवढी सालं झाली, ह्या घरात समद्यांनी मला भाकरी मागितली, पाणी मागितलं. इचारलं कवा कुणी काय न्हवतं. मालकांना बी सुधरंना, कसं इचारावं. शेवटाला खाली बघत म्हणलं, "काय म्हंतीस मग?"

मी नीट सांगितलं. "सकाळची गाडी चांगली हाय. पोरीला जाऊ द्या."