न उघडलेला नळ

चिंतामण गायधनींचा उजवा गुडघा दिवाळीनंतर दुखायला लागला. त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

गंगापूर रोडवरच्या त्यांच्या सोसायटीतली पाच-सहा माणसं पहाटे चालायला निघत, आणि वाट गायधनी काकांनीच आखायची असं ठरून गेलं होतं. श्रावणात ब्रह्मगिरी डोंगराची फेरी करायची म्हणजे रात्रभर पायांवर राहायचं. म्हणून चैत्रापासून दर रविवारी वाट थोडी थोडी लांबवायची. लांब, पण दूरची नव्हे: घरून निघून घरीच यायचं आणि एकच रस्ता दोनदा तुडवायचा नाही. आनंदवलीतून नदीकडे उतरायचं, सोमेश्वराजवळून वर यायचं, गंगापूर गावापुढे मळ्यांत शिरायचं. सावली कुठे, कुत्री कुठे, पाणी कुठे, हे काका आधी एकटे चालून बघत. मग त्यावर कुणी प्रश्न विचारत नसे.

यंदा ते चालले नाहीत. शनिवारी दुपारी भाजी आणतो म्हणून स्कूटर काढली आणि सगळी वाट गाडीवरूनच पाहून आले. मळ्यांमधला चढ गाडीने गिळला, त्यांना तो कळलाही नाही. मारुतीच्या देवळापाशी नळ दिसला. न थांबताच त्यांनी मनात धरलं, इथे पाणी आहे.

संध्याकाळी पार्किंगमध्ये गटातल्या इतरांबरोबर नियाजभाई भेटले. घड्याळांचं दुकान मुलावर सोपवून ते नुकतेच गटात आले होते.

"काय गायधनी, उद्याची वाट झाली का चालून?"

"दोनदा," काका म्हणाले. एकदा म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"दोनदा? मग त्या गुडघ्यांची गॅरंटी कुठल्या दुकानाची, तेवढं सांगून ठेवा. मी घड्याळाला वर्षाचीच देत होतो!"

सगळे हसले. शेजारी उभ्या असलेल्या सुधाताई मात्र हसल्या नाहीत. काकांकडे आदराने बघत राहिल्या.

सुधाताई तिसऱ्या मजल्यावर राहत. त्यांचे यजमान दर श्रावणात मित्रांबरोबर फेरीला जात आणि सकाळी सुजलेले पाय घेऊन परतत. त्या पायांसाठी घमेल्यात गरम पाणी काढून ठेवणं एवढाच ताईंचा फेरीशी संबंध. यजमान गेल्यावर त्यांनी बूट विकत घेतले. त्या रात्री तिथे काय असतं, ते त्यांना एकदा बघायचं होतं.

रविवारी काका गोळी घेऊन निघाले आणि नेहमीसारखे सगळ्यांच्या मागे राहिले. मागच्यांना सांभाळतात, असं लोक म्हणत. मागे सुधाताईच होत्या. मळ्यांमधला चढ संपेचना. ऊन वर आलं.

"माझ्यासाठी हळू चालताय ना, काका?" ताईंनी धापा टाकत विचारलं.

गुडघ्यात कळ उठत होती. काका म्हणाले, "चला, पुढे नळ आहे."

नळ होता. नियाजभाईंनी तो पिरगाळला तेव्हा आतून नुसती हवा फुसफुसली. "गायधनी, दोनदा आलात तेव्हा पाणी होतं का?"

"होतं," काका म्हणाले.

ताईंना पारावर बसता बसता चक्कर आली. नियाजभाईंनी बाटलीतलं उरलेलं पाणी त्यांच्या तोंडावर मारलं आणि एका भाजीच्या टेम्पोतून त्यांना घरी आणलं. काकांना कुणी बोललं नाही. उलट एकजण म्हणाला, काका होते म्हणून निभावलं.

संध्याकाळी ते ताईंना बघायला गेले. बूट खोक्यात परत गेले होते.

"मी फेरीला येत नाही," ताई म्हणाल्या. "तुम्ही ह्या वयात, असल्या उन्हात दोनदा चाललात. मला एकदाही झेपेना. काही माणसांनी गरम पाणीच काढून ठेवावं."

काकांना उठून जाता आलं असतं. पुढच्या खेपेला जमेल, असं म्हणून चहा घेता आला असता. ते खोक्याकडे बघत राहिले.

"मी चाललो नव्हतो," ते म्हणाले. "गाडीवरून बघून आलो. नळ लांबून दिसला, तेवढंच. आणि आज मी तुमच्यासाठी हळू चालत नव्हतो. मला तेवढंच चालता येतं."

ताईंनी बुटांचं खोकं जवळ ओढलं.

"म्हणजे त्या चढावर तुम्हीही दमला होतात?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

"मग म्हणायचं होतंत की, दमलोय. सकाळी तिथेच एखाद्या झाडाखाली दोघं बसलो असतो." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर काकांना बरं वाटलं असतं. "उद्या खाली सगळ्यांना सांगा. मी येते ऐकायला."

पहाटे गेटपाशी काकांनी सांगितलं. मान खाली होती. वाक्य लहान होतं, तरी मध्ये दोनदा तुटलं. नियाजभाई काहीतरी चेष्टा करतील, निदान गॅरंटीचं काढतील, या आशेवर ते थांबले. नियाजभाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

सुधाताई खाली वाकल्या. बुटांच्या नाड्या त्यांनी घट्ट बांधल्या आणि सरळ उभ्या राहिल्या.

"नियाजभाई," त्यांनी विचारलं, "आज कुठून जायचं?"