आधी आवंढा गिळा

बायकोनं मला एक उपाय लावून दिलाय. तोंड उघडायच्या आधी आवंढा गिळायचा. तेवढ्यात निम्मा मूर्खपणा पोटात जातो, असं तिचं म्हणणं. उपाय उगाच आलेला नाही. पाथरीला एका लग्नात मी नवरदेवाच्या वडिलांना मोठ्या कौतुकानं म्हणालो होतो, "जेवण एक नंबर! याच्या मागच्या लग्नात पण असंच होतं." नवे व्याही शेजारीच मठ्ठा पीत होते. परभणी येईपर्यंत बायको जीपमध्ये माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

पुढं सोनपेठचे काका वारले. दहाव्याला निघताना ती म्हणाली, "तिथं नुसते आवंढे गिळा. बोलूच नका."

काकांची दोन्ही मुलं, म्हणजे माझे चुलतभाऊ, एक पुण्याला, एक संभाजीनगरला. दोघंही फार जपून बोलणारे. काकूला आळीपाळीनं आपल्याकडं न्यायचं, घराला कुलूप लावायचं, म्हैस विकायची, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. म्हशीला गिऱ्हाईकही बघून गेलं होतं. ही बातमी मला काकूकडूनच कळली. दहाव्याच्या सकाळी म्हशीला पेंड घालता घालता ती म्हणाली, "मला न्हाई जायचं रे. पण मला इचारायलाय कोण?"

मी आवंढा गिळला.

गोदावरीच्या काठावर पिंड मांडला. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण एक खाली उतरेना. ऊन तापायला लागलं. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असंल त्यांची. बोला, शब्द द्या."

थोरला पुढं झाला. हात जोडून म्हणाला, "बाबा, आईची योग्य ती व्यवस्था होईल." कावळे ढिम्म.

धाकटा म्हणाला, "बाबा, आईच्या हिताचाच निर्णय घेऊ."

काय शब्द होते! कुठंही धरा, हातातून निसटणार. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. मी मागं वळून बघितलं. बायकांमध्ये बसलेली काकू पदर तोंडाशी धरून नुसती पिंडाकडं बघत होती. तिच्या शेजारी माझी बायको मला डोळ्यांनी खुणावत होती, गिळा, गिळा.

गिळायला गेलो आणि ठसका लागला. त्या ठसक्यातच ओरडलो, "काका, काकू कुठंच जायची न्हाई! आपल्याच घरात ऱ्हाईल. कुलूप लागायचं न्हाई, म्हैस इकायची न्हाई. शब्द माझा!"

हातवारेही जोरात झाले असावेत. पिंडापासून चार हातांवर एक लाल कुत्रं केव्हाचं पाय पसरून पडलं होतं. ते दचकून उठलं आणि शेपूट घालून पळालं. कुत्रं हटलं तसा कावळा उतरला. भात टिपला.

सगळ्या काठावर "शिवला, शिवला" झालं. गुरुजींनी अर्धवट दर्भ खाली ठेवला आणि मुलांकडं बघून म्हणाले, "आता माघार न्हाई."

जेवणं झाल्यावर थोरल्यानं मला बाजूला घेतलं. "तुला कुणी सांगितलं होतं मधी पडायला? माणसानं शब्द तोलून बोलावं."

"तुमी तोललेच की, दादा. उतरला का कावळा?"

तो वर्षभर माझ्याशी बोललेला नाही. नाही तर नाही. तोलून बोलणारी माणसं मी पुष्कळ बघितलीत. त्यांच्या प्रत्येक वाक्याला मागचं दार असतं. माझ्या वाक्यांना दारं नाहीत, नुसते खड्डे आहेत, आणि त्यात बहुतेक वेळा मीच पडतो. पडू द्या. आता दर रविवारी मी एसटीनं सोनपेठला जातो, वैरण टाकतो, म्हशीच्या लाथा खातो. त्या एका वाक्यातला एक शब्दही मी परत घेणार नाही.

कुत्र्याचं मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. परवा धार काढता काढता काकू आपणच म्हणाली, "त्या दिवशी कुत्रं उठलं म्हणून कावळा आला. बघितलं मी."

"मग तवाच बोलली का न्हाईस?"

"माणसानं जपून बोलावं," काकू म्हणाली. "धर ती बादली."