काचेची मूठ

चूक माझीच होती. बाबांच्या जुन्या गाडीत त्यांच्या बाजूची काच खाली-वर करायची मूठ तुटली आणि मी ती मागवली नाही.

मूठ मिळत होती. परगावचा एक दुकानदार कुरिअरने पाठवणार होता. पण तळहातावर मावणाऱ्या त्या मुठीच्या किमतीच्या तिप्पट नुसता कुरिअरचा खर्च! जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांना दुसरं दुकान नाही, हे ओळखून केलेली ही सरळ लूट आहे. अशांकडून काही घेणार नाही, असं मी घरात ठणकावलं.

"अरे, ती मूठ काय विमानात खिडकीजवळ बसून येणार आहे?" बाबा हसले. मला वाटलं, त्यांनाही पटलं.

आता गाडी मी चालवतो आणि ते शेजारी बसतात. संध्याकाळची ती फेरी एवढंच त्यांचं बाहेर पडणं. एकदा सिग्नलला सहज पाहिलं. जन्मभराच्या सवयीनं त्यांचं कोपर खिडकीत टेकायला गेलं, बंद काचेवर आपटलं आणि मुकाट्यानं मांडीवर परत आलं.

त्या दुकानदाराला माझ्या बाणेदारपणाचा पत्ताही नव्हता. आपल्या तत्त्वांची झळ बहुधा घरातल्या न बोलणाऱ्या माणसालाच लागते.

चरफडत पैसे भरले. ती लूटच आहे, हे आजही म्हणतो. मूठ बसली, बाबांनी काच उतरवली आणि कोपर बाहेर काढलं. वारा आत आला.

"बाबा," मी म्हणालो, "भांडण त्याच्याशी होतं आणि उन्हाळाभर उकाड्यात बसवलं तुम्हाला. चुकलं माझं."