फर्माईश करणारे, दीपनगर

आमच्या हिच्या मामांइतका प्रसिद्ध माणूस खानदेशात दुसरा झाला नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. पुढारी झाले, कलेक्टर आले आणि बदलून गेले, जळगावात सोन्याच्या दुकानांवर मालकांच्या नावांच्या मोठमोठ्या पाट्या लागल्या. पण दर गुरुवारी संध्याकाळी ज्याचं नाव, वडिलांच्या नावासकट, यावलच्या केळीच्या मळ्यांपासून पार धुळ्याच्या गल्ल्यांपर्यंत ऐकू जायचं, असा माणूस एकच. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते इतक्या वेळा हवेत सोडून झालं आहे की कागदावर आणणं म्हणजे त्याची पायरी उतरवणं होईल. प्रसिद्ध कशाबद्दल, असं कोणी विचारलं तर मात्र थोडी अडचण आहे. मामा रेडिओवर गात नसत, वाजवत नसत, बोलतही नसत. ते पोस्टकार्डावर गाण्याची फर्माईश लिहून पाठवत, आणि गाणं लागण्यापूर्वी निवेदक जी नावं वाचतो त्यांत त्यांचं नाव असे. सगळी कीर्ती एवढ्यावर उभी होती. मी पाहिलेल्या इतर पुष्कळ कीर्तींच्या मानाने तिचा पाया भक्कम होता, कारण इथे निदान कार्ड तरी स्वतः लिहावं लागे.

मामा दीपनगरच्या वीजकेंद्रात कोळशाच्या विभागात होते. गुरुवारची संध्याकाळ मोकळी मिळावी म्हणून ते दुसऱ्याची कुठलीही पाळी करायला तयार असत. वीसएक वर्षांत त्यांनी एकही लक्ष्मीपूजन घरी केलं नाही, पण गुरुवार एकही चुकवला नाही. कार्डं रोज तीन आणि रविवारी सहा. गाणं निळ्या शाईत, नावं काळ्या शाईत आणि गाव लाल शाईत. "गाव चुकलं की माणूस चुकला," असं ते म्हणत. नावांची यादी हे खरं प्रकरण होतं. पहिले स्वतः, मग मामी, मग चार मुलं वयाच्या क्रमाने, आणि त्याखाली त्या महिन्यात मर्जीत असलेले नातेवाईक. एकदा मामींशी काही बिनसलं आणि पुढच्या गुरुवारी यादी मामांवरून थेट थोरल्या मुलावर गेली. शुक्रवारी सकाळी कॉलनीतल्या बायका वाटीवाटी साखर मागायला म्हणून आल्या आणि दारातच विचारू लागल्या, "माहेरी जाताय का हो?" माझं लग्न वैशाखात झालं, पण जावई म्हणून मला मान्यता मिळाली ती भाद्रपदात, जेव्हा सासूबाईंच्या नावाखाली माझं नाव वाचलं गेलं. त्या आठवड्यात मी जळगावला कॉलेजात गेलो तेव्हा शिपायाने मला पहिल्यांदा उठून नमस्कार केला. माझ्या पीएच.डी.च्या वेळी तो बसूनच होता.

गाण्याचं म्हणाल तर मामांना त्यातलं काही कळत नसे. मी एकदा सहज विचारलं, "मामा, तुमचं आवडतं गाणं कोणतं?" ते बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "जे लागेल ते." नावं वाचून झाली की ते बऱ्याचदा रेडिओ बंद करत, सेल वाचतात, हे कारण.

त्यांचा जीव गाण्यावर नव्हता, निवेदकावर होता. त्या गृहस्थांना मामांनी कधी पाहिलं नव्हतं, फोटोसुद्धा नाही. फक्त आवाज. खर्जातला, घाई नसलेला. ते नावं अशी वाचत की जणू तो माणूस समोर उभा आहे आणि त्याला बसायला पाट द्यायचा आहे. न्हावी, किनगाव, साकळी, डांभुर्णी ही गावं त्यांच्या तोंडून ऐकली की तिथे जाऊन राहावंसं वाटे, आणि हे मी तिथे जाऊन आल्यावर लिहितो आहे. त्यांच्या चाहत्यांनी जो श्रोता संघ काढला त्याचे मामा तहहयात अध्यक्ष. संघाची घटना होती, शिक्का होता, आणि दर सभेत आभार मानायचं काम यावेळी कोणाकडे यावरून दोन गट होते.

निवेदकसाहेब निवृत्त झाले आणि धुळ्याला मुलीकडे राहायला गेले. संघाची पत्रं जात राहिली, उत्तरं येत राहिली. मग उत्तरं लहान झाली, मग थांबली. एक दिवस त्यांच्या मुलीचं पत्र आलं. ती धुळ्याच्या एका शाळेत शिक्षिका होती आणि तिने शिक्षिकेसारखंच स्वच्छ लिहिलं होतं. बाबांना अल्झायमर नावाचा आजार झाला आहे. ते हळूहळू सगळं विसरत जाणार. आता घरातल्यांनाही कधी ओळखतात, कधी नाही. आपण इतकी वर्षं प्रेम केलंत म्हणून कळवते.

मी त्या दिवशी योगायोगाने दीपनगरला होतो. मामांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मामी म्हणाल्या, "अहो, मग जाऊन या ना. धुळं काय विलायतेत आहे? सकाळची एस.टी. पकडा, संध्याकाळी घरी."

"नको."

"नको काय? एवढी वर्षं कार्डं लिहिलीत, आता माणूस आजारी आहे तर तोंड नाही दाखवणार?"

"आणि गेल्यावर त्यांनी विचारलं, कोण तुम्ही, तर?"

"तर नाव सांगा! तोंडात काय दही धरलंय?"

मामा खिडकीतून बाहेर वीजकेंद्राच्या चिमण्यांच्या धुराकडे बघत राहिले. "वीस वर्षं त्यांनी सांगितलं माझं नाव. आता मी त्यांना सांगू?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, त्यांच्या आठवणीत मी नसलो तर मी इतकी वर्षं नव्हतोच की." ते उठले आणि निर्णय झाल्यासारखे म्हणाले, "औषध निघू दे. मग जातो."

या आजारावर औषध नाही, लोक अजून शोधताहेत, हे त्यांना भुसावळच्या एका डॉक्टरांनी सांगितलं. शोधायला पैसे लागतात, हेही सांगितलं. एवढं कळल्यावर संघाची तातडीची सभा झाली आणि संशोधनासाठी निधी जमवण्याचं ठरलं. जळगावला एक सभागृह घेतलं. फलकावर 'विसरण्याच्या आजारासाठी मदत' असं लिहावं, ही सूचना मामांनी फेटाळली. असं लिहिलं तर अर्धं जळगाव मदत मागायला येईल, द्यायला नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. योजना साधी होती. देणगी द्या, नाव-गाव-गाणं सांगा. माइकवरून नाव वाचलं जाईल आणि गाणं वाजेल. प्रमुख पाहुण्यांना त्या दिवशी दोन समारंभ होते, त्यामुळे त्यांनी आमच्याकडे ठिबक सिंचनावर भाषण केलं. तेही चांगलं झालं. दुसऱ्या समारंभात शेतकऱ्यांनी स्मरणशक्तीबद्दल काय ऐकलं असेल, याची मला आजही उत्सुकता आहे.

पाहुणे गेले आणि देणगीच्या खिडकीवर रांग लागली. ती दारातून बाहेर, तिथून रस्त्यावर. पारोळ्याकडचे एक आबा टोपी सारखी करत पुढे आले.

"भाऊ, मनं नाव लिख. आन् त्याना खाले मनी म्हैसनं लिख. चंद्री."

"म्हशीचं कशाला, आबा?"

"ती बी ऐकस ना! रेडिओ बंद व्हयना का दूध चोरस."

रेडिओ बंद झाला की दूध आखडून धरणाऱ्या चंद्रीचं नाव मामांनी गावासकट लाल शाईत लिहून घेतलं, आणि देणगी माणसाइतकीच घेतली. दुपारी तीनला नावं वाचायला सुरुवात झाली. मामा स्वतः वाचत होते, निवेदकसाहेबांसारखा आवाज खाली नेण्याच्या प्रयत्नात अधूनमधून खोकत होते. नाव आलं की माणूस उभा राही, आजूबाजूला बघे आणि बसे. गाणं सुरू झालं की मागून आवाज येई, "गाणं राहू द्या हो, नावं घ्या!" सभागृह रिकामं करायची वेळ झाली तोवर गाणी एकूण तीन वाजली होती, तीही अर्धी. त्याबद्दल तक्रार एकाचीही नव्हती. खानदेशात संगीतप्रेमी किती आहेत हे मला त्या दिवशी नेमकं कळलं.

पैसे एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेकडे रीतसर गेले. कुठलाही दुसरा संघ इथे थांबला असता. पण ही फर्माईशवाली माणसं होती, आणि त्यांना आयुष्यात मागणं पूर्ण करून घेण्याची एकच रीत ठाऊक होती. दुसऱ्याच आठवड्यात मी गेलो तर मामांच्या जेवणाच्या टेबलावर पोस्टकार्डांची थप्पी. वरच्या कार्डावर निळ्या शाईत: 'फर्माईश: अल्झायमर या आजारावर औषध.' खाली काळ्या शाईत मामा, मामी, चार मुलं, सासूबाई आणि मी. गाव लाल.

"मामा, हे काय?"

"संघातले सगळे लिहिताहेत. रोज तीन."

"अहो, पैसे पाठवलेत ना?"

"पैशाचं वेगळं, कार्डाचं वेगळं. एका कार्डाने कधी गाणं लागलंय? त्यांच्या टेबलावर ढीग पडला पाहिजे. ढीग पडला की नंबर लागतो."

"मामा, गाणं आधीच तयार असतं. औषध अजून व्हायचंय."

त्यांनी यावर गंभीरपणे विचार केला. "म्हणजे कार्डं जास्त लागतील," ते म्हणाले, आणि मामींना सांगून डझनभर आणखी मागवली.

सुमारे चार महिने त्या संस्थेत रोज खानदेशची डाक पडत होती. पारोळ्याचे आबा दर कार्डात चंद्रीचं नाव घालत. मला वाटलं, एक दिवस पोलीस येतील. आलं ते पत्र. तिथल्या एका डॉक्टरबाईंनी हाताने लिहिलेलं, मराठीत. देणगीबद्दल आभार मानून त्यांनी लिहिलं होतं की सगळी कार्डं मिळतात, आमच्या प्रयोगशाळेत न्हावी आणि किनगाव कुठे आहेत हे आता प्रत्येकाला माहीत झालं आहे, आणि चंद्रीताईंचं वय काय हे कळवावं. पुढे लिहिलं होतं: 'औषध लवकर निघेल असं मी खोटं लिहिणार नाही. काम मोठं आहे, वेळ लागेल. तुमचे निवेदक तोवर थांबू शकणार नाहीत. एक विचारते. तुम्ही इतके जण आहात, तर त्यांच्याजवळ जाऊन कोण बसतं? गेलात तर ओळखलं का, असं विचारू नका. आपण कोण ते आपणच सांगा. पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगा.'

मामांनी ते पत्र संघाच्या सभेत वाचलं नाही. मला मात्र कार्ड आलं. एकाच रंगाच्या शाईत. 'रविवारी धुळ्याला जायचे आहे. तुम्ही या. शिकलेला माणूस बरोबर असला की बरे.'

एस.टी.त ते एरंडोलपर्यंत तिकिटाची घडी घालत आणि उलगडत होते. अंगात सफारी, दाढी इतकी गुळगुळीत की दोन ठिकाणी कापलेलं. धुळ्याला उतरल्यावर त्यांनी स्टँडसमोर दोन डझन केळी विकत घेतली. भुसावळ तालुक्यातला माणूस जेव्हा धुळ्यात पैसे देऊन केळी घेतो तेव्हा त्याचं चित्त ठिकाणावर नाही असं खुशाल समजावं. दारापाशी ते म्हणाले, "आधी तुम्ही सांगा नाव. माझं मग बघू."

मुलीने दार उघडलं आणि आम्हाला बसवलं. निवेदकसाहेब खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा सदरा, विंचरलेले केस. आमच्याकडे त्यांनी आळीपाळीने सभ्यपणे पाहिलं, आणि तो आवाज आला. त्याला काही झालं नव्हतं. "नमस्कार. आपण कुठून आलात?"

मी तोंड उघडलं, पण मामा उभे राहिले होते, शाळेत हजेरीला राहतात तसे, केळ्यांची पिशवी छातीशी धरून. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. "मुक्काम पोस्ट दीपनगर, तालुका भुसावळ."

साहेबांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मामा बघत होते, मी बघत होतो, मुलगी जमिनीकडे बघत होती. मग निवेदकसाहेबांनी ते नाव स्वतःशी घेतल्यासारखं, पण स्पष्ट, सगळं म्हटलं. वडिलांचं नाव, आडनाव, दीपनगर. त्याच चालीत, घाई न करता. आणि थोडं पुढे झुकून विचारलं, "आणखी कोण कोण?"

मामांनी मामींचं नाव सांगितलं. त्यांनी म्हटलं. चारी मुलांची सांगितली, त्यांनी म्हटली. सासूबाईंचं, माझं. मी मान खाली घातली. मला शिपाई आठवला आणि हसू आलं नाही. चहा झाला. कप ठेवताना त्यांनी पुन्हा विचारलं, "आपण कुठून आलात?" मामा पुन्हा उभे राहिले. निघेपर्यंत हे चार वेळा झालं, आणि चारही वेळा मामा उभे राहिले.

परतीच्या एस.टी.त पारोळा गेल्यावर ते बोलले. "ओळखलं नाही."

"नाही," मी म्हणालो.

"पण आधी आठवड्यातून एकदा घ्यायचे. आज चारदा घेतलं." आणि खिडकीकडे तोंड करून बसले ते भुसावळपर्यंत.

त्यानंतर संघाने पाळ्या लावल्या. दर रविवारी दोघे. पारोळ्याच्या आबांची पाळी असली की चंद्रीचं नावही त्या आवाजात घेतलं जाई. पाळी मोडली तर अध्यक्ष स्वतः जात, आणि माझ्या मते काही पाळ्या त्यांनीच मोडवल्या. असं तीन वर्षं चाललं. मग धुळ्याहून तार आली.

मामा आता निवृत्त आहेत. महिन्यातून एक कार्ड त्या संस्थेला अजून जातं. मी त्यांना म्हटलं, "मामा, आता कोणासाठी?" लिहीत होते ते कार्ड त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. फर्माईश तीच. खालच्या यादीत पहिलं नाव मामांचं नव्हतं. निवेदकसाहेबांचं होतं, वडिलांच्या नावासकट, आणि लाल शाईत धुळे. "इतक्या वर्षांत त्यांचं एकदाही वाचलं गेलं नाही," मामा म्हणाले. "त्यांनीच कसं वाचायचं?" मग कार्ड परत घेतलं आणि दुसऱ्या ओळीत, काळ्या शाईत, स्वतःचं नाव लिहायला लागले.