अंबूअक्काचे ‘उगे’

प्रार्थनेत पापांच्या क्षमेचे वाक्य आले की अंबूअक्का हसायची. गालातल्या गालात नव्हे, मोठ्याने. हरवलेली वस्तू कोणी आणून हातावर ठेवावी तशी. कुंभकोणमच्या आमच्या लहानशा प्रार्थनाघरात मोजकी माणसे चटईवर बसत. पुढच्या चटईवर कोणत्या जातीने बसायचे आणि मागच्या चटईवर कोणत्या, हे येशूच्या घरात येऊनही कोणी विसरत नसे. क्षमेचे वाक्य ऐकताना सगळ्यांचे चेहरे दंड ऐकत असल्यासारखे असत. आणि मागून हे हसू.

मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा संतापलो. मिशनच्या छापखान्यासाठी नुकताच पत्रके लिहू लागलो होतो. पत्रकाला दोन बाजू लागतात, एक खरी आणि एक खोटी. ही बाई कुठल्या बाजूची ते कळेना. प्रार्थना संपल्यावर मी तिला दारातच गाठले आणि तमिळमध्ये विचारले की हसण्यासारखे काय झाले. तिने आधी माझे नाव विचारले, मग घराणे विचारले, आणि एकदम घरच्या मराठीत उतरली. म्हणाली, “उगे हसलें रे, तम्बी.” तम्बी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ.

‘उगे’ हा शब्द पुण्यामुंबईच्या वाचकांना समजावून सांगितला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्याच्यावरच अडले. तुमच्याकडे ‘उगीच’ म्हटले की माणूस रिकामटेकडा वाटतो. आम्ही तंजावरकडचे मराठी लोक घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ बोलतो. पिढ्यान्‌पिढ्या तमिळच्या ‘सुम्मा’ला घासून आमचा ‘उगे’ फुगला आहे. भाजीवाली वांग्यांवर कढीलिंबाची काडी फुकट टाकते, ती उगे. माणूस ओट्यावर काही न करता बसतो, तो उगे. रडणाऱ्या पोराला गप्प करायचे तर ‘उगे राहा’. कामाशिवाय कोणाकडे गेलो आणि त्याने ‘का आलास’ म्हणून विचारले, तर उत्तर ‘उगे’. यातल्या कुठल्या अर्थाने हसलीस, असे मी विचारले. ती म्हणाली, “अवघ्या.”

ती टपालवाल्यासारखी लांब ढांगा टाकत चालायची. मराठी घरच्या विधवेने भर बाजारातून असे चालणे लोकांना खुपायचे. पण त्या ढांगांना कारण होते.

तिचा आजा तंजावरच्या राजवाड्यात चवरी ढाळायचा. सरकारने राज्य खालसा केले, चवरी गेली, आणि घराणे कुंभकोणमला आले. अंबूचे लग्न लवकर झाले, वैधव्यही लवकर आले, मूलबाळ नव्हते. पोटासाठी तिने जे काम धरले त्याला तुमच्याकडे नाव नसेल. ती दुसऱ्यांचे नवस चालायची. मोठ्या घरची सून पोटुशी राहिली की घरच्या बायका तिरुक्करुगावूरच्या देवीला अडिप्रदक्षिणा बोलत: एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना भिडवत, मुंगीच्या चालीने देवळाभोवती फेरी. उन्हात दगड तापतात, मोठ्या घरच्या बायकांना ते सोसत नाही. मग अंबूला बैलगाडीत बसवून पाठवायचे. “ह्या गांवांतलीं किती लेकरें माझ्या टांचांवर जन्मलीं,” ती म्हणायची. “तोंड आईसारखें, नाक बापासारखें. पायांची चौकशी कोण करतो?”

एकदा असेच जाताना पापनाशमला तिला ताप भरला. धर्मशाळेत ती बेशुद्ध पडून राहिली आणि तशीच परत आली. इकडे सुनेची सुटका झाली होती; मुलगा झाला, दोघेही सुखरूप. सासूने मोठ्या प्रेमाने अंबूच्या पायांना हळद लावली. तेव्हा अंबूने खरे ते सांगितले, की मी पावले चाललेच नाही. सासूचा चेहरा उतरला. इतका वेळ मांडीवर आनंदाने घेतलेले पोर तिने सुनेकडे दिले आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता जा आणि चालून ये, नाहीतर देवी त्याला परत मागेल.

अंबू निघाली आणि गावातल्याच महामहम तळ्याच्या पायरीवर जाऊन बसली. “तिथें मज हसूं आलें, तम्बी,” ती सांगायची. “मी चाललेंच नाहीं, आणि पोर तर जाहलें. म्हणजे दिलें तें उगे दिलें. आणि हीं माणसें भिऊन बसलीं.” त्याच दिवसांत तळ्याच्या काठी मिशनची एक बाई बायकांना सांगत होती, की देवाचे तारण सुम्मा मिळते, त्यासाठी काही करावे लागत नाही. अंबूअक्काला वाटले, आपल्या पापनाशमच्या तापाची बातमी हिला कोणी दिली. ती त्या बाईच्या मागोमाग प्रार्थनाघरापर्यंत गेली, आणि त्या दिवसापासून लांब ढांगा टाकू लागली. बाप्तिस्म्यात तिचे नाव ज्ञानम्माळ ठेवले. ज्ञानम्माळ म्हणून हाक आली की ती मागे वळून बघायची, ही कोण बाई म्हणून.

ही हकीकत ऐकून माझे हात शिवशिवले. मी एका बैठकीत पत्रक लिहिले, ‘भाड्याची पावले’, आणि तिच्या ओट्यावर बसून तिला वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले. मग विचारले, “ह्यांत मी हसलें तें कुठें आहे?”

ते नव्हते. पत्रकातली अंबू रडत होती, भाजलेल्या टाचा दाखवत होती, मूर्तिपूजकांना जाब विचारत होती.

“मग ही दुसरी कोणी बाई असेल. तिजला विचार आणि छाप.” देवीला मी ठेवलेली नावेही तिला खपली नाहीत. “तिनें माझें काय वाईट केलें? पावलें माणसांनीं मोजलीं.” हे वाक्य एका ख्रिस्ती बाईच्या तोंडी कुठे बसवायचे, ते मला त्या दिवशी कळले नाही आणि आजही कळत नाही. पत्रक छापले नाही.

आता मासिलामणी उपदेशींबद्दल. आमची मंडळी तेच चालवायचे. उंच, वाकलेले, भर उन्हाळ्यात काळा डगला घालणारे. ढोंगी माणूस असता तर माझे काम सोपे झाले असते. ते ढोंगी नव्हते. ख्रिस्ती म्हणजे तांदळासाठी बाटलेले, असे गाव म्हणायचे. ते ऐकून ऐकून त्यांनी मनाशी घेतले होते की आपल्या मंडळीत एकही कच्चा दाणा राहू द्यायचा नाही. दोरै, म्हणजे गोरे पाद्री, अधूनमधून येत, आणि प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला तेव्हाच मिळे. त्याच्या आदल्या शनिवारी उपदेशी ओसरीवर एकेकाची परीक्षा घेत. जो चुकेल त्याला भोजन नाही. जो वारंवार चुकेल त्याचे मंडळीतून नाव कमी, आणि नाव कमी झाले की मेल्यावर दफनभूमीच्या भिंतीच्या आत जागा नाही.

शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच असे: प्रभूच्या मेजाशी तू का येतेस? उत्तर पाठ करायचे होते. त्यात पापांची यादी होती, पश्चात्ताप होता, आणि शेवटी ‘देवाच्या किरुबैने’ असे म्हणायचे होते. किरुबै म्हणजे आपली कृपाच. अंबूअक्काची पाळी आली तेव्हा मी खांबाला टेकून उभा होतो. तिने प्रश्न नीट ऐकला, थोडा विचार केला आणि म्हणाली, “सुम्मा, ऐया.” म्हणजे, उगे, महाराज.

बायकांत कोणी तरी फिसकन हसले. उपदेशींचे कान लाल झाले. तमिळमध्येही या शब्दाला सगळे अर्थ आहेत, पण ओसरीवर, परीक्षेत, त्यांना एकच ऐकू आला: काही काम नव्हते म्हणून आले. त्यांनी पुन्हा विचारले. तिने पुन्हा तेच सांगितले, जास्त प्रेमाने. त्यांनी तिला बाजूला व्हायला सांगितले. ज्ञानम्माळ नापास, असे पोरी आठवडाभर म्हणत होत्या.

मी तिच्या घरी जाऊन भांडलो. म्हटले, एका शब्दाचा प्रश्न आहे, अक्का. किरुबै म्हण. आपली कृपाच ती.

“कृपा मज ठाऊक आहे,” ती म्हणाली. “कृपा राजवाड्यांतून येत असे. आजा कमरेंत वाकून वाकून घेत असे. वाकणें चुकलें कीं बंद होत असे. ती नको मज.”

मी म्हटले, इथे तसा अर्थ नाही. ही कृपा फुकट असते.

“मग उपदेशी परीक्षा कां घेतात?”

मी पत्रके लिहितो. मला कशाचेही उत्तर सुचते. तरी मी उठून चपला शोधू लागलो.

पुढच्या भोजनालाही तेच झाले. आत भाकर वाटत असताना ती बाहेर, चपला काढतात त्या पायरीवर बसली. क्षमेच्या वाक्याला खिडकीतून हसू आत आले. त्यानंतर मासिलामणी ते वाक्य गिळल्यासारखे भरभर वाचू लागले, की मध्ये हसायला फट राहू नये. तरी तिला ती सापडायची.

पावसाळ्यानंतर तिचा खोकला वाढला, पदराला रक्त लागू लागले. वैद्याने मान हलवली. आता प्रश्न सरळ होता: येत्या शनिवारी ती पुन्हा चुकली तर नाव जाणार, आणि तिचे प्रेत भिंतीबाहेर, बाभळींत पुरले जाणार. जिवंतपणी देवळातल्या लोकांनी टाकलेली, मेल्यावर प्रार्थनाघरातल्या लोकांनी टाकलेली. मी हट्टच धरला. पहिल्यांदाच ती कबूल झाली. म्हणाली, तुझ्यासाठी शिकतें.

मी अंगणात बसून उत्तर सांगत होतो आणि ती येरझाऱ्या घालत ते म्हणत होती. बाई हुशार होती. थोड्याच वेळात तिला सगळे पाठ आले, पापांच्या यादीसकट, किरुबैसकट. मी खूष झालो. ती मात्र थांबून खाली बघत होती. मीही बघितले. उत्तर म्हणता म्हणता तिची पावले आखूड झाली होती. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना भिडली होती.

“बघ, तम्बी,” ती हळूच म्हणाली. “जिभेला वाट सांपडली तशी पायांनाही सांपडली.” मग म्हणाली, “हें मी म्हटलें तर परत चालणें आलें. आतां स्वतःसाठीं.”

शनिवारी ती ओसरी चढली आणि म्हणाली, “सुम्मा, ऐया.” नाव गेले.

मी पेटलो. त्याच संध्याकाळी मासिलामणींविरुद्ध पत्रक लिहायला घेतले. नव्या देवळातले जुने पुजारी, असे काहीसे. अंबूअक्का म्हणाली, छाप हवें तर, पण त्यांत मी हसत असेन तरच. मी खूप प्रयत्न केला. हसणारी बाई अन्यायाच्या पत्रकात बसत नाही. बसवली की अन्याय तरी खोटा वाटतो, नाहीतर हसू. मी तिला रागाने विचारले, तुला भिंतीबाहेर पुरतील, याचे काहीच वाटत नाही? ती म्हणाली वाटतें, रडायला येतें. आणि थोड्या वेळाने भाजीवालीने जास्तीची कोथिंबीर टाकली म्हणून खुदकन हसली. ही मोकळीक होती की हार, मी तेव्हा ठरवू शकलो नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी ती चटईवर पडली होती आणि मी वारा घालत होतो. दारात सावली पडली. मासिलामणी उपदेशी उभे होते, डगल्याची गुंडी पिळत. नाव कमी केलेल्या माणसाच्या घरी उपदेशींनी जायचे नाही, हा नियम त्यांचाच. मला वाटले, मरणाऱ्या बाईची परीक्षा घ्यायला आले. मी उठून आडवा होणार होतो. तेवढ्यात अंबूअक्काने डोळे उघडले आणि तमिळमध्ये विचारले, “काय म्हणून आलांत, ऐया?”

त्यांचा हात गुंडीवरून खाली आला.

“सुम्मा,” ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसली. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू आले. उपदेशी जमिनीवर टेकले आणि सूर्य कलेपर्यंत तिथेच बसून राहिले. प्रार्थना नाही, उपदेश नाही. पहाटे ती गेली.

तिला भिंतीच्या आत पुरले. खड्डा कोणी खणायला सांगितला, फाटक कोणी उघडले, हे उघड होते; कुठल्या नियमाने, हे कोणी बोलले नाही. मी न राहवून मासिलामणींना विचारले, की त्या दिवशी तुम्ही ‘सुम्मा’ म्हणालात ते कुठल्या अर्थाने? ते भडकले. म्हणाले, कोणाच्या घरी गेले की माणूस तेच म्हणतो, रीत आहे, त्यात तू काय खणतोस; जा, पत्रके लिही. आणि त्यांचे खरेच आहे, रीतच आहे. तमिळ घरांत दिवसाकाठी शंभर वेळा ऐकू येते. त्यांच्या तोंडून चुकून निसटले की त्यांना काही कळले, मला सांगता येत नाही. त्यांना तरी सांगता येते की नाही, कोण जाणे. त्याच आठवड्यात दोरै यायचे होते, म्हणून शनिवारी त्यांनी ओसरीवर परीक्षा घेतली. नेहमीचीच.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, क्षमेचे वाक्य आले. ते भरभर गिळून टाकतील म्हणून मी वाटच बघत होतो. त्यांनी ते सावकाश वाचले आणि ते थांबले. मान खिडकीकडे, चपलांच्या पायरीकडे वळली. कोणाला वाटले ओळ चुकली, कोणी खोकले. एक हसू मावेल एवढी जागा त्यांनी मध्ये सोडली होती. ती मी भरायची होती की काय, मला कळेना. मी खाली माझ्या पावलांकडे बघत राहिलो.