चौथ्या सोमवारची बाटली

आमच्या कॉलेजच्या सूचनाफलकाला काचेचं दार होतं आणि त्या दाराला कुलूप. किल्ली ऑफिसात. युनिव्हर्सिटीकडून उन्हाळी इंटर्नशिपचे, संशोधन प्रकल्पांचे, शिष्यवृत्त्यांचे कागद यायचे आणि त्या काचेमागे पिवळे पडायचे. मुदत संपली की शिपाई काढून टाकायचे. पनवेलच्या कॉलेजात युनिव्हर्सिटीच्या कागदाकडे बघतं कोण? तर बॉटनीच्या फरीदा मॅडम बघायच्या. त्या ऑफिसातून किल्ली मागून आणायच्या, नवा कागद काढायच्या, समोरच्या दुकानातून झेरॉक्स मारून आणायच्या आणि मूळ कागद होता तसा लावून पुन्हा कुलूप घालायच्या. मग वर्गात येऊन तो कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायच्या. वाचून झाला की एकेका बाकापाशी थांबून विचारायच्या, "तू का नाही?"

नुसतं "नको मॅडम" चालायचं नाही. कारण द्यावं लागायचं, तेही उभं राहून, सगळ्यांसमोर. कुणी म्हणायचं मार्क कमी आहेत. "कागदात मार्क लिहिलेत का कुठे? दाखव मला." कुणी म्हणायचं मामाचं लग्न आहे. "मामा दोन महिने बोहल्यावर उभा राहणार आहे का?" वर्ग हसून हसून लोळायचा, पण मॅडम हसायच्या नाहीत. चष्मा नाकावर खाली आलेला, डोक्यावरचा पदर पिनेने पक्का केलेला आणि नजर तुमच्या तोंडावर. कारण खोटं असलं की तुम्हालाच घाम फुटायचा.

माझी पाळी आली तेव्हा मी एस. वाय.ला होते. दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. कागद युनिव्हर्सिटीतल्या दोन महिन्यांच्या उन्हाळी संशोधन प्रकल्पाचा होता. आम्ही उरणच्या वाटेवरच्या गावातले, घरचं मिठागर. जमिनीचा बराचसा भाग टाऊनशिपमध्ये गेला होता, द्रोणागिरी डोंगराच्या अंगाला थोडे मिठाचे वाफे उरले होते, ते बाबा एकटे सांभाळायचे. मी म्हटलं, "मॅडम, मला काय येतंय?" मॅडम म्हणाल्या, "हे कारण नाही, हा प्रश्न आहे. उत्तर फॉर्मवर लिही."

फॉर्मवर विचारलं होतं, तुम्हाला संशोधन का करायचंय. मी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसून इंटरनेटवरून एक छान उतारा उतरवून काढला. लहानपणापासून मला विज्ञानाची अतोनात आवड आहे, वगैरे वगैरे. मॅडमनी वाचला. "अच्छा! अतोनात! आणि लहानपणी तू काय करत होतीस, बेटा?"

"बाबांबरोबर मिठागरात जायचे, मॅडम."

"मग ते लिही ना. हे कुणाचं लहानपण उचलून आणलंस?"

मला तर लाजच वाटली. कॉलेजात मी कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं की आमच्याकडे मीठ पिकतं. पण मॅडमपुढे कुणाचं चाललंय! मी लिहिलं की एप्रिल तापला की आमच्या वाफ्यातलं पाणी गुलाबी होतं, पुढे पार लालसर होतं, आणि ते का होतं हे गावात कुणालाच माहीत नाही. मिठाला तांबूस रंग आला की व्यापारी नाक मुरडतो, म्हणून गावातले लोक ते पाणी घाण समजून काढून टाकतात. एवढंच. मॅडमनी त्यातला एक शब्दही बदलला नाही. सहाजणांना घेणार होते, त्यांत माझं नाव लागलं.

युनिव्हर्सिटीतले माझे गाइड फॉर्म वाचूनच खूश झाले होते. त्यांनी मला तेच काम दिलं. एकच वाफा ठरवायचा, सहा आठवडे दर सोमवारी त्यातल्या पाण्याची बाटली भरायची, प्रयोगशाळेत आणायची आणि त्या रंगात कोणते सूक्ष्मजीव वाढतायत ते मोजायचं. दोन महिन्यांच्या शेवटी सहांपैकी एकाला वर्षभराची जागा मिळणार होती, विद्यावेतनासकट. ती जागा मला हवी होती, आणि का हवी होती तेही सांगते. बाबांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "जागा भेटली तर वरीसभर थांबतो. नाय भेटली तर तुज्यासाठी स्थल बघाया घेनार. मंग रडायचं नाय." एक स्थळ तर उंबऱ्याशी येऊनच थांबलं होतं.

तीन सोमवार सुरळीत गेले. चौथ्या सोमवारी गाइड सर स्वतः मिठागर बघायला येणार होते. मी मोठ्या अभिमानाने घरी सांगितलं. तिथेच चुकलं. सोमवारी सकाळी बाटली घेऊन वाफ्यावर पोचते तर काय! पाणी स्वच्छ, नितळ, तळाचं मीठ पांढरंशुभ्र, गुलाबी रंगाचा ठिपकासुद्धा नाही. आणि कडेला बाबा उभे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पायाशी पाच शहाळी.

"काल सकालपासनं खपलो," बाबा म्हणाले. "सगला लाल पानी भायेर काडला, वाफा धुतला, नवा पानी सोडला. युनिवर्सिटीची मानसं येनार, त्यांना का घान दावायची? बग, कसा चकचकीत झालाय."

त्यांच्या तोंडाकडे मी बघितलं. "छान झालाय, बाबा," म्हटलं. तेवढ्यात सरांचा फोन आला की मीटिंग लागली, येता येत नाही, तूच बाटली भरून घेऊन ये. बाबांनी एक शहाळं फोडून मला दिलं आणि बाकीची उचलून घरी गेले.

बांधापलीकडे काकांचा वाफा होता, लालबुंद. मी इकडेतिकडे बघितलं, वाकले आणि त्यातली बाटली भरली. लेबलवर आमच्या वाफ्याचा नंबर आणि तारीख टाकली. तेच पाणी, तेच ऊन, तीच खाडी, कुणाला कळणार होतं? असं मनाशी म्हणत पनवेलला आले. पुढच्या बसला वेळ होता म्हणून कॉलेजात डोकावले. सुट्टी असली तरी मॅडम रोज प्रयोगशाळेत असायच्या, कुंड्यांना पाणी घालायला.

"तोंड का उतरलंय?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, जाऊ दे गं, असं होतं कधीकधी.

मॅडमनी बाटली उजेडाकडे धरली. "हे पाणी कुठलं?"

"काकांच्या वाफ्यातलं."

"मग लेबलवर तसं लिही."

"मॅडम, मग माझ्या तक्त्यात चौथा सोमवार रिकामा राहील."

"राहू दे."

"माझी जागा जाईल, मॅडम!"

"जाईल," मॅडम म्हणाल्या आणि टेबलावरचं पेन माझ्यापुढे सरकवलं. त्या ओरडल्या असत्या तर मी भांडले असते. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. माझी बस निघून गेली तरी हलल्या नाहीत. शेवटी मी जुनं लेबल खरवडून काढलं, नवं चिकटवलं, आणि मनातल्या मनात त्यांना इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका.

पुढचे दोन आठवडे वाफ्याने रंग काही नीट धरला नाही. शेवटच्या दिवशी आम्हा सहाजणांना आपापलं काम सगळ्यांसमोर मांडायचं होतं. एका प्राध्यापकांनी विचारलं, "चौथा आठवडा कुठे गेला?" मी म्हटलं, "पाहुणे येणार म्हणून माझ्या वडिलांनी वाफा धुतला." सगळा हॉल हसला. गाइड सरही हसले, वाईट मनाने नाही, पण हसले. वर्षाची जागा दुसऱ्या एका मुलीला मिळाली. तिचा तक्ता पूर्ण होता.

घरी मी जागा गेली एवढंच सांगितलं, कशामुळे ते सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार? बाबांनी मान हलवली आणि स्थळाकडे निरोप धाडायची तयारी चालवली. हे मॅडमच्या कानावर कसं गेलं कोण जाणे, पण एका रविवारी भर उन्हात त्या रिक्षा करून आमच्या दारात हजर! ओटीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि सरळ बाबांना म्हणाल्या, "दादा, मुलीची जागा तुमच्या हाताने गेलीय. ते लाल पाणीच तिला हवं होतं. ती तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी आले."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. केवढा राग आला मला त्यांचा! बाबा बराच वेळ नखाने ओटीची फरशी खरवडत बसले. मग म्हणाले, "मना कोनी बोललाच नाय, बाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माज्यामुलं गेली ना? मंग वरीस मी देतो तिला. स्थलवाल्यांना नाय सांगतो."

ते वर्ष मला बाबांनी दिलं. मॅडमनी त्या वर्षात माझ्याकडून चार ठिकाणचे फॉर्म भरून घेतले आणि त्यातल्या एका प्रयोगशाळेने मला ठेवून घेतलं. तिथून पुढे एम.एस्सी., मग पीएच.डी. आज मी जी काही आहे ती त्या वर्षावर उभी आहे, हे मी कुणालाही सांगते.

मॅडम निवृत्त झाल्या आणि करंजाड्याला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. त्यांचे यजमानही मस्कतची नोकरी संपवून कायमचे परत आले होते. दोन हजार सोळाच्या सुमाराला मॅडमच्या किडन्यांनी दगा दिला, आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. पीएच.डी.चा प्रबंध बांधून झाला तेव्हा मी पहिली प्रत घेऊन त्यांच्याकडे गेले. यजमान बाजारात गेले होते. मॅडमनी प्रत मांडीवर घेतली आणि एकेक तक्ता बोटाने वाचत बसल्या. इतक्या वर्षांनी मला कबूल करावंसं वाटलं. म्हटलं, "मॅडम, त्या दिवशी मी खरं लिहिलं ते प्रामाणिकपणाने नाही हं. तुम्हाला घाबरून लिहिलं."

मॅडम मोठ्याने हसल्या. मग प्रत मिटून म्हणाल्या, "तुला घाबरायला कुणीतरी होतं, बेटा. मला नव्हतं."

आणि मग त्यांनी सांगितलं. लग्न झालं त्याच वर्षी त्याही युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत होत्या. खाडीकाठच्या तिवरांच्या रोपांची उंची दर आठवड्याला मोजायची. एका आठवड्यात भावाचं लग्न निघालं, उरणला, त्या गडबडीत त्या रोपं मोजायला गेल्याच नाहीत. "मागचा आकडा होता, पुढचा आकडा होता. मधला मी मनाने घातला. सरांनी तक्ता बघितला आणि म्हणाले, वा, एकही खाडा नाही! त्या दिवसापासून मला तो तक्ता बघवेना. सांगायची हिंमत होईना आणि पुढे लिहवेना. सहा महिन्यांनी सोडून दिलं."

आम्ही विद्यार्थी, स्टाफरूम, सगळं गाव समजत होतं की नवऱ्याने शिकू दिलं नाही. मी तसं म्हटल्यावर मॅडमनी मान खाली घातली. "लोकांना मीच सांगितलं, घरून परवानगी नाही. बिचारा तिकडे मस्कतला, इकडे त्याच्या नावाने बोटं मोडली जात होती."

"आणि यजमानांना काय सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं होतं. म्हटलं, मन लागत नाही. पुन्हा त्यांनी विचारलं नाही."

"मग अजून त्यांना माहीत नाही?"

मॅडम प्रबंधाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मी नुसती त्यांच्याकडे बघत बसले. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अशी काय बघतेस? जा आता, तुझी बस चुकेल." मी निघाले. आजारी माणसाला उगाच छळलं, असं वाटून स्वतःचाच राग येत होता.

त्यानंतर दोन महिन्यांनी मॅडम गेल्या. मला उशिरा कळलं. चौथ्या दिवशी मी करंजाड्याला पोचले. दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. पांढरी टोपी, हातात तसबीहची माळ, चेहरा थकलेला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मला रडूच कोसळलं. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "तू पुस्तक घेऊन आली होतीस ना, त्याच संध्याकाळी तिने मला सगळं सांगितलं."

मी दारातच उभी राहिले.

"लोक काय म्हणायचे त्याचं मला काही नव्हतं, बेटा," ते म्हणाले. "पण तीस वर्षं मला वाटत होतं, माझ्याच तोंडून कधीतरी काहीतरी निघून गेलं असणार, म्हणून तिने शिक्षण सोडलं. मस्कतला खोलीत एकटा बसून आठवत राहायचो, मी नेमकं काय बोललो होतो." त्यांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. "दोन महिने फार चांगले गेले आमचे. ये, आत ये."